कर्म पुढे गेलं तरी अव्यय मागेच राहतं: इंग्रजी क्रियापद, प्रिपोझिशन, पॅसिव्ह आणि कंटिन्युअस

बारावीची उत्तरपत्रिका, स्पर्धा परीक्षेचा सराव आणि ऑफिसचा ई-मेल या तिन्ही ठिकाणी एक चूक इतक्या नेमाने येते की तिला निष्काळजीपणा म्हणवत नाही. ‘घरी मुलांकडे आजी बघते’ याचं इंग्रजी ‘ग्रँडमदर लुक्स आफ्टर द चिल्ड्रन’ असं बहुतेक जण बरोबर करतात. तेच वाक्य पॅसिव्हमध्ये करायला सांगितलं की लिहितात, ‘द चिल्ड्रन आर लुक्ड बाय ग्रँडमदर’. ‘आफ्टर’ हे अव्यय (प्रिपोझिशन) वाटेत गळून पडतं. हवं होतं ‘द चिल्ड्रन आर लुक्ड आफ्टर बाय ग्रँडमदर’.

या चुकीचं मूळ आपल्या मराठीत आहे आणि ते नीट पाहिलं की अर्धं काम तिथेच होतं. मराठीत ‘कडे’ हे अव्यय ‘मुलां’ या शब्दाला चिकटतं. ‘मुलांकडे लक्ष दिलं जातं’ म्हणा की ‘लक्ष दिलं जातं मुलांकडे’ म्हणा, नाम जिथे जाईल तिथे ‘कडे’ त्याच्या पाठोपाठ जातं. इंग्रजीत पॅसिव्ह करताना नाम एकटंच उठून वाक्याच्या सुरुवातीला जातं आणि ‘आफ्टर’ क्रियापदाला धरून जागच्या जागी राहतं. मराठी कानाला हे मागे उरलेलं अव्यय लोंबकळल्यासारखं वाटतं, म्हणून हात आपोआप ते खोडतो. शाळेत पॅसिव्ह म्हणजे ‘कर्ता आणि कर्माची अदलाबदल’ असं शिकवतात. ‘राम आंबा खातो’ या वाक्याला ते सूत्र पुरतं. ‘लुक आफ्टर’, ‘लाफ ॲट’, ‘डील विथ’ यांना पुरत नाही, कारण इथे क्रियापद दोन शब्दांचं आहे आणि दोन्ही शब्द सोबत न्यायचे आहेत.

पहिली पायरी: अव्यय क्रियापदाचं आहे की जागेचं?

पॅसिव्ह करण्याआधी हे ठरवावंच लागतं. सोपी कसोटी प्रश्नाची. ‘ही लुक्ड इनटू द कम्प्लेंट’ या वाक्याला प्रश्न पडतो ‘कशाची चौकशी केली?’, म्हणजे इंग्रजीत ‘व्हॉट’. ‘ही वेटेड ॲट द स्टेशन’ या वाक्याला प्रश्न पडतो ‘कुठे थांबला?’, म्हणजे ‘व्हेअर’. ‘व्हॉट’ किंवा ‘हू’ आला तर अव्यय क्रियापदाचं आणि पॅसिव्ह बहुधा होतो: ‘द कम्प्लेंट वॉज लुक्ड इनटू’. ‘व्हेअर’ किंवा ‘व्हेन’ आला तर अव्यय जागेचं किंवा वेळेचं आणि पॅसिव्ह सहसा होत नाही. ‘द स्टेशन वॉज वेटेड ॲट’ असं कोणी म्हणत नाही.

एकाच जोडीत दोन्ही अर्थ असतील तर ही कसोटी फार उपयोगी पडते. ‘अराइव्ह ॲट’ घ्या. ‘वुई अराइव्हड ॲट अजनी’ म्हणजे आम्ही अजनीला पोचलो, आणि ‘अजनी वॉज अराइव्हड ॲट’ चूक. पण ‘दे अराइव्हड ॲट अ डिसिजन’ म्हणजे निर्णयाप्रत आले. इथे प्रश्न ‘व्हॉट’चा आहे, म्हणून ‘अ डिसिजन वॉज अराइव्हड ॲट’ अगदी बरोबर. ‘गो इनटू’चंही तसंच. बोगद्यात शिरणं पॅसिव्ह होत नाही, पण खोलात जाऊन तपासणं या अर्थी ‘द मॅटर वॉज गॉन इनटू’ होतं.

अव्यय असणं-नसणं हा अर्थाचाच प्रश्न आहे, हे ‘पे’वरून सगळ्यात स्वच्छ दिसतं. सकाळी टपरीवर तर्री पोहे खाल्ले आणि पैसे दिले. आता पॅसिव्हमध्ये तीन वाक्यं होतात. ‘द बिल हॅज बीन पेड’: बिल चुकतं झालं. ‘द मॅन हॅज बीन पेड’: पोहेवाल्याला पैसे मिळाले. ‘द पोहे हॅव बीन पेड फॉर’: पोह्यांचे पैसे दिले गेले. बिल आणि माणूस यांना ‘फॉर’ नको, विकत घेतलेल्या वस्तूला हवंच. ‘द पोहे हॅव बीन पेड’ म्हटलं तर पोह्यांनाच कोणीतरी पगार दिला असा अर्थ होतो. ‘आस्क’चंही हेच. ‘ही वॉज आस्क्ड’ म्हणजे त्याला विचारलं. ‘द कास्ट सर्टिफिकेट वॉज आस्क्ड फॉर’ म्हणजे जातीचा दाखला मागितला. अव्यय गळालं की नुसतं व्याकरण बिघडत नाही, भलताच अर्थ निघतो.

दुसरी पायरी: साखळी बांधा

आता एकच क्रियापद धरून सगळे काळ करून पाहू. ‘लुक इनटू’ घेऊ, म्हणजे चौकशी करणं. ‘दे लुक इनटू द कम्प्लेंट’ याचं ‘द कम्प्लेंट इज लुक्ड इनटू’. ‘दे आर लुकिंग इनटू’ याचं ‘इज बीइंग लुक्ड इनटू’. ‘दे वेअर लुकिंग इनटू’ याचं ‘वॉज बीइंग लुक्ड इनटू’. ‘दे हॅव लुक्ड इनटू’ याचं ‘हॅज बीन लुक्ड इनटू’. ‘दे विल लुक इनटू’ याचं ‘विल बी लुक्ड इनटू’. ‘दे मस्ट लुक इनटू’ याचं ‘मस्ट बी लुक्ड इनटू’.

पाहा, ‘लुक्ड इनटू’ हा शेवटचा तुकडा कुठेच बदलत नाही. बदलतो तो फक्त त्याच्या आधीचा ‘बी’चा भाग. म्हणून लिहिताना उलटीकडून सुरुवात करा: आधी क्रियापदाचं तिसरं रूप आणि अव्यय एका दमात लिहून टाका, मग त्याच्या आधी काळ जोडा. क्लासमध्ये ज्याला व्ही थ्री म्हणतात ते आणि अव्यय हा एकच डबा समजायचा.

कंटिन्युअस पॅसिव्हमध्ये चार तुकडे असतात आणि चारही बोटांवर मोजावेत: ‘इज’ किंवा ‘वॉज’, मग ‘बीइंग’, मग व्ही थ्री, मग अव्यय. तीनच मोजले गेले तर बहुतेक वेळा ‘बीइंग’ तरी हरवलेलं असतं किंवा अव्यय तरी. ‘बीइंग’ हरवलं तर वाक्य चूक होत नाही, पण अर्थ सरकतो. ‘कम्प्लेंट्स आर लुक्ड इनटू’ म्हणजे इथे तक्रारींची चौकशी होत असते, रिवाज आहे. ‘युअर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इनटू’ म्हणजे तुमच्या तक्रारीची चौकशी आत्ता सुरू आहे. ऑफिसातून उत्तर पाठवताना दुसरं वाक्य हवं असतं आणि पाठवलं जातं पहिलं.

‘बीन’ आणि ‘बीइंग’ यांचा घोळ बहुतांशी उच्चारातून येतो. ‘बीन’ हा एकच आघात आहे, ‘बी-इंग’ हे दोन आघात आहेत. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांच्यामागे ‘बीन’ आणि ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ यांच्यामागे ‘बीइंग’. ‘इज बीन लुक्ड आफ्टर’ असं काही नसतं. ‘हॅज बीन बीइंग लुक्ड इनटू’ हे व्याकरणाच्या कोष्टकात बसतं, पण बोलण्या-लिहिण्यात जवळजवळ कोणी वापरत नाही. ‘सहा महिन्यांपासून चौकशी सुरू आहे’ म्हणायचं तर सरळ ॲक्टिव्हमध्ये या: ‘दे हॅव बीन लुकिंग इनटू इट फॉर सिक्स मन्थ्स’.

वाक्य २०१७ मध्ये नेऊन पाहा. ‘इन २०१७ द नागपूर मेट्रो वॉज बीइंग वर्क्ड ऑन’, काम सुरू होतं. ‘इन मार्च २०१९ इट वॉज ओपन्ड’, सुरू झाली. पहिल्यात ‘ऑन’ का? कारण ‘वर्क द मेट्रो’ असं होत नाही, ‘वर्क ऑन द मेट्रो’ होतं. दुसऱ्यात अव्यय नाही, कारण ‘ओपन’ला कर्म थेट लागतं. अडखळलात की दर वेळी ॲक्टिव्हकडे परत जा आणि तिथे अव्यय होतं का ते बघा. तिथे होतं तर इथेही आहे.

कान कसा फसवतो तेही सांगायला हवं. ‘लुक्ड आफ्टर’ बोलताना ‘लुक्ड’चा शेवट ‘ट’सारखा होतो आणि पुढच्या ‘आ’त मिसळतो, ऐकू येतं ‘लुक्टाफ्टर’. ‘लाफ्ड ॲट’ ऐकू येतं ‘लाफ्टॅट’. ऐकून लिहिणारा मग ‘आर लुक आफ्टर’ लिहितो आणि व्ही थ्रीच हरवतो. म्हणून मोठ्याने म्हणताना दोन शब्द तोडून म्हणू नका, जोडूनच म्हणा, पण तो ‘ट’ ऐकू येईल असा म्हणा.

अव्ययाला अव्यय भिडलं तर

‘लुक्ड आफ्टर बाय’, ‘लाफ्ड ॲट बाय’, ‘रिप्लाइड टू बाय’. दोन अव्ययं एकापुढे एक आली की वाटतं, यातलं एक जास्तीचं आहे. जास्तीचं नाही. पहिलं क्रियापदाचं, दुसरं कर्त्याचं. तीन शब्दांची क्रियापदं असतील तर रांग आणखी लांब होते: ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे कमी लेखणं, त्याचं ‘ही वॉज लुक्ड डाउन ऑन बाय हिज रिलेटिव्ह्ज’. तीन अव्ययांसारखे शब्द सलग आले तरी वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. ‘डू अवे विथ’ (बंद करून टाकणं) याचं ‘द ओल्ड रूल वॉज डन अवे विथ’.

‘बाय’ दर वेळी लागतं असंही नाही. कर्ता माहीत नसेल, सगळ्यांना माहीत असेल किंवा सांगायचा नसेल तर ‘बाय’ सोडून द्या. ‘बाय देम’, ‘बाय समवन’, ‘बाय पीपल’ हे शेपूट परीक्षेत लावायची सवय लागलेली असते. चांगल्या इंग्रजीत ते नकोच. मग वाक्य अव्ययावरच संपतं: ‘ही डझन्ट लाइक बीइंग लाफ्ड ॲट’. ‘वाक्याचा शेवट प्रिपोझिशनने करू नये’ हा उपदेश ज्यांच्या मनात पक्का आहे त्यांना इथे धसका बसतो. पॅसिव्हमध्ये तो उपदेश लागूच होत नाही.

क्रियाविशेषण कुठे ठेवायचं? डब्याच्या मध्ये नाही. ‘इज बीइंग केअरफुली लुक्ड इनटू’ किंवा ‘इज बीइंग लुक्ड इनटू केअरफुली’. ‘लुक्ड केअरफुली इनटू’ असं पॅसिव्हमध्ये फोडू नका.

‘टेक केअर ऑफ’, ‘मेक फन ऑफ’, ‘पे अटेन्शन टू’, ‘टेक ॲडव्हांटेज ऑफ’ ही क्रियापद, नाम आणि अव्यय अशी तिहेरी बांधणी. यांचे पॅसिव्ह कधी कधी दोन होतात. ‘द पेशंट्स आर बीइंग टेकन केअर ऑफ’ हा एक. नामाच्या आधी विशेषण आलं की दुसरा सहज होतो: ‘गुड केअर इज बीइंग टेकन ऑफ द पेशंट्स’. पहिल्यात पेशंट पुढे आले आणि ‘ऑफ’ मागे एकटं राहिलं. दुसऱ्यात ‘केअर’ पुढे आली आणि ‘ऑफ’ला पेशंट मिळाले. या दोन्हींची मिसळ करून ‘द पेशंट्स आर बीइंग टेकन केअर’ लिहिलं की ‘ऑफ’ गेलं आणि वाक्य मोडलं.

‘कॉल ऑफ’, ‘पुट ऑफ’, ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’ ही मंडळी थोडी वेगळी. ॲक्टिव्हमध्ये ती फुटतात: ‘पुट द मीटिंग ऑफ’ चालतं आणि सर्वनाम असेल तर ‘पुट इट ऑफ’ असंच म्हणावं लागतं. ‘लुक आफ्टर’ फुटत नाही, ‘लुक इट आफ्टर’ चूक. पॅसिव्हमध्ये हा फरक मिटतो. दोन्ही प्रकारांत छोटा शब्द व्ही थ्रीला लागून येतो: ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ’, ‘द सर्व्हे इज बीइंग कॅरिड आउट’. त्यामुळे पॅसिव्हपुरतं हे दोन वर्ग पाठ करण्यात वेळ घालवू नये.

‘रिफर्ड टू’: सरकारी पत्रात जपून

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, विभागीय कार्यालयं इथे आहेत, त्यामुळे ही जोडी इथल्या ऑफिसांत रोज लागते. ‘रिफर टू’चे दोन अर्थ आहेत. ‘द मॅटर वॉज रिफर्ड टू द कमिटी’ म्हणजे प्रकरण समितीकडे पाठवलं. ‘द मॅटर वॉज रिफर्ड टू बाय द कमिटी’ म्हणजे समितीने त्या प्रकरणाचा उल्लेख केला. मध्ये एक ‘बाय’ आलं आणि पाठवणारा, उल्लेख करणारा सगळंच बदललं. पहिल्या वाक्यात ‘टू’ पुढच्या समितीचं आहे. दुसऱ्यात ‘टू’ क्रियापदाचं आहे आणि त्याचं नाम, म्हणजे ‘मॅटर’, वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसलेलं आहे.

याच पत्रांत लागणारी आणखी काही: ‘युअर लेटर हॅज नॉट बीन रिप्लाइड टू’, ‘द लोन हॅज बीन अप्लाइड फॉर’, ‘युअर रिक्वेस्ट इज बीइंग अटेन्डेड टू’, ‘द ऑब्जेक्शन्स हॅव बीन डेल्ट विथ’. ‘रिप्लाय’ला ‘टू’ लागतं पण ‘आन्सर’ला लागत नाही: ‘द लेटर हॅज बीन आन्सर्ड’. एकाच अर्थाचे दोन शब्द वेगळे वागतात, तेव्हा क्रियापद कधीही एकटं पाठ करू नका, अव्ययासकट पाठ करा.

ज्यांचा पॅसिव्ह होतच नाही

‘कन्सिस्ट ऑफ’ आणि ‘बिलाँग टू’ ही दोन पक्की लक्षात ठेवा. ‘विदर्भ कन्सिस्ट्स ऑफ ११ डिस्ट्रिक्ट्स’ बरोबर. ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ चूक. पॅसिव्हसारखं वाक्य हवंच असेल तर क्रियापद बदला: ‘इज मेड अप ऑफ’ किंवा ‘इज कम्पोझ्ड ऑफ’. ‘बिलाँग टू’चंही तेच, ‘द हाऊस इज बिलाँग्ड टू माय अंकल’ नाही, ‘बिलाँग्ज टू माय अंकल’ किंवा ‘इज ओन्ड बाय माय अंकल’. ‘रिझल्ट इन’, ‘रिझल्ट फ्रॉम’, ‘हॅपन टू’ हीसुद्धा पॅसिव्ह होत नाहीत. या क्रियापदांत कोणी काही करत नाही, नुसतं असतं किंवा घडतं, म्हणून.

काही पॅसिव्ह व्याकरणात बसतात पण कानाला खटकतात. ‘द बस वॉज बीइंग वेटेड फॉर’ त्यातलंच. कोष्टकात बसलं म्हणून लिहायलाच हवं असं नाही.

कंटिन्युअस आणि आपलं ‘करून राहिला’

नागपूर-विदर्भाच्या बोलीत इंग्रजी कंटिन्युअसला जवळचा असा तयार साचा आहे. ‘काय करून राहिला बे?’ म्हणजे नेमकं ‘व्हॉट आर यू डूइंग?’. ‘चाबी शोधून राहिलो’ म्हणजे ‘आय ॲम लुकिंग फॉर द की’. ‘त्याच्याकडे पाहून राहिली’ म्हणजे ‘शी इज लुकिंग ॲट हिम’. मनात ‘-ऊन राहिला’ उमटलं की इंग्रजीत ‘इज’ आणि ‘इंग’ घ्यायचं, हा बऱ्याच प्रमाणात चालणारा नियम आहे. पॅसिव्हलाही तो लागतो: ‘चौकशी होऊन राहिली’ म्हणजे ‘इज बीइंग लुक्ड इनटू’. इथला ‘होऊन’ म्हणजेच ‘बीइंग’ असं धरा, मग ते गळत नाही.

पण हा साचा इंग्रजीपेक्षा सैल आहे आणि तिथेच घात होतो. आपण ‘मला समजून नाही राहिलं’, ‘आवडून राहिलं’ असं सहज म्हणतो. इंग्रजीत समजणं, आवडणं, मालकीचं असणं, अवलंबून असणं या स्थिती आहेत, चालू क्रिया नाहीत. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ नाही, ‘आय डोन्ट अंडरस्टँड’. ‘आय ॲम बिलाँगिंग टू नागपूर’ नाही. ‘आय ॲम फ्रॉम नागपूर’. ‘आय ॲम अग्रीइंग विथ यू’ नाही, ‘आय अग्री विथ यू’. ‘बिलीव्ह इन’, ‘कन्सिस्ट ऑफ’ यांनाही ‘इंग’ लावू नका.

काही क्रियापदं दोन्ही बाजूंची आहेत. ‘व्हॉट डू यू थिंक ऑफ द न्यू सिलॅबस?’ यात मत विचारलं आहे, म्हणून ‘इंग’ नाही. ‘आय ॲम थिंकिंग ऑफ बाइंग अ स्कूटर’ यात विचार चालू आहे, म्हणून ‘इंग’ आहे. ‘द क्रॉप डिपेंड्स ऑन द रेन’ ही कायमची गोष्ट. ‘वुई आर डिपेंडिंग ऑन यू’ म्हणजे या खेपेला तुझ्यावर भिस्त आहे. ‘डिपेंड ऑन’चा पॅसिव्हसुद्धा होतो, पण भरवशाच्या अर्थी: ‘शी कॅन बी डिपेंडेड ऑन’.

‘दोन तासांपासून बसची वाट पाहून राहिलो’ या वाक्यात तर ‘फॉर’ दोनदा येतं आणि लोक एक तरी गाळतात: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर द बस फॉर टू अवर्स’. पहिलं ‘फॉर’ ‘वेट’चं, दुसरं वेळेचं. ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ ही पाहून-पाहून बरोबर वाटू लागलेली चूक आहे. काम मागे सुरू होऊन अजून चालू असेल तर ‘हॅव बीन’. आणि ‘सिन्स’च्या पुढे सुरुवातीची वेळ येते, ‘सिन्स नाइन ओ’क्लॉक’, तासांची संख्या नाही.

अव्ययानंतरचं ‘इंग’

अव्ययामागे क्रियापद आलं की त्याला ‘इंग’ लागतं. ‘ही इन्सिस्टेड ऑन पेइंग’. ते क्रियापद पॅसिव्ह असेल तर ‘बीइंग’ आणि व्ही थ्री: ‘ही इन्सिस्टेड ऑन बीइंग पेड’. पहिल्यात तो पैसे द्यायला हटून बसला, दुसऱ्यात घ्यायला. ‘यूज्ड टू’ मात्र ओळखून घ्या. ‘आय यूज्ड टू सायकल टू कॉलेज’ म्हणजे पूर्वी सायकलने जायचो. हे ‘टू’ अव्यय नाही. ‘आय ॲम यूज्ड टू सायकलिंग’ म्हणजे सवय आहे. हे ‘टू’ अव्यय आहे, म्हणून ‘इंग’. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’मधलं ‘टू’ही अव्ययच, म्हणून पत्राच्या शेवटी ‘टू मीट यू’ नाही, ‘टू मीटिंग यू’. या सगळ्याचा कळस एका वाक्यात दिसतो: ‘शी इज नॉट यूज्ड टू बीइंग शाउटेड ॲट’. तिच्यावर कोणी ओरडावं याची तिला सवय नाही. ‘टू’ सवयीचं, ‘ॲट’ ओरडण्याचं, दोन्ही आपापल्या जागी.

पॅसिव्हमागे ‘बाय’ सोडून दुसरं अव्यय

‘नागपूर इज नोन फॉर इट्स ऑरेंजेस’: कशासाठी प्रसिद्ध, म्हणून ‘फॉर’. ‘इट इज नोन ॲज द ऑरेंज सिटी’: कोणत्या नावाने, म्हणून ‘ॲज’. ‘दीक्षाभूमी इज नोन टू एव्हरीवन हिअर’: कोणाला माहीत, म्हणून ‘टू’. ‘झिरो माइलचा स्तंभ इज मेड ऑफ सँडस्टोन’: दगड दगडच दिसतो, म्हणून ‘ऑफ’. ‘पेपर इज मेड फ्रॉम वुड’: लाकडाचं रूप बदललं, म्हणून ‘फ्रॉम’. लग्नाला मराठीत ‘शी’ लागतं म्हणून ‘मॅरिड विथ’ लिहितात. हवं ‘मॅरिड टू’. हत्याराला ‘विथ’, करणाऱ्याला ‘बाय’: ‘द लॉक वॉज ब्रोकन बाय द थीफ विथ अ स्टोन’.

यातली पुष्कळ रूपं स्थिती सांगतात, क्रिया नाही. म्हणून ‘शी इज बीइंग इंटरेस्टेड इन म्युझिक’ चूक. ओळखण्याची खूण अशी: आधी ‘व्हेरी’ लावता आलं (‘व्हेरी इंटरेस्टेड इन’), तर ‘बीइंग’ येणार नाही. ‘द फील्ड इज कव्हर्ड विथ प्लास्टिक’ म्हणजे झाकलेलं आहे. ‘इज बीइंग कव्हर्ड’ म्हणजे माणसं आत्ता झाकत आहेत.

मराठीतून आलेली जास्तीची अव्ययं, आणि ‘एक्सप्लेन’

‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टू’, ‘रिझेम्बल विथ’, ‘ऑर्डर फॉर टी’. ‘बद्दल’, ‘ला’, ‘शी’ यांच्या ओढीने ही येतात. ॲक्टिव्हमध्ये खपून जातात, पॅसिव्हमध्ये उघडी पडतात: ‘द बजेट वॉज डिस्कस्ड अबाउट’ म्हणून पाहा, लगेच अडखळाल. हवं नुसतं ‘वॉज डिस्कस्ड’. उलट बाजूला ‘गाणं ऐकतो’ म्हणताना मराठीत काहीच लागत नाही म्हणून ‘लिसन’चं ‘टू’ आणि ‘त्याला हसले’मधल्या ‘ला’मुळे ‘लाफ’चं ‘ॲट’ गळतं.

‘आम्हाला नियम समजावून सांगण्यात आला’ याचं ‘वुई वेअर एक्सप्लेन्ड द रूल’ असं सर्रास लिहितात. इंग्रजीत माणसाला एक्सप्लेन करत नाहीत, गोष्ट माणसा‘कडे’ एक्सप्लेन करतात. म्हणून ‘द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू अस’. ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘अनाउन्स’ यांनाही हाच नियम. ‘टेल’ आणि ‘टीच’ यांना मात्र माणूस थेट चालतो: ‘वुई वेअर टोल्ड’, ‘वुई वेअर टॉट’.

‘रॉब’ आणि ‘स्टील’ यांचा घोळ तर पोलीस तक्रारीत नेहमी दिसतो. मराठीत मोबाइलही चोरतात आणि माणसालाही लुटतात. इंग्रजीत माणूस ‘रॉब्ड’ होतो, वस्तू ‘स्टोलन’ होते. ‘ही वॉज रॉब्ड ऑफ हिज मोबाइल’, ‘हिज मोबाइल वॉज स्टोलन फ्रॉम हिम’. ‘हिज मोबाइल वॉज रॉब्ड’ नाही. अशीच पक्की जोडी असलेली आणखी: ‘अक्यूज्ड ऑफ’, ‘चार्ज्ड विथ’, ‘प्रिव्हेंटेड फ्रॉम’, ‘रिमाइंडेड ऑफ’, ‘कॉन्ग्रॅच्युलेटेड ऑन’, ‘प्रोव्हायडेड विथ’. यांत अव्ययामागे पुढचं नाम येतंच, त्यामुळे ते लोंबकळत नाही आणि विसरलंही कमी जातं. चुकतं ते निवडताना.

सराव

आठवड्याला दहाच जोड्या घ्या. प्रत्येकीची चार वाक्यं लिहा: साधं ॲक्टिव्ह, ॲक्टिव्ह कंटिन्युअस, पॅसिव्ह, पॅसिव्ह कंटिन्युअस. रोज १५ मिनिटं पुरतात. हितवाद किंवा घरी येणारा कुठलाही इंग्रजी पेपर समोर घेऊन ‘बीइंग’ दिसलं की त्यापुढचे दोन शब्द अधोरेखित करा. मथळ्यांत ‘इज’, ‘आर’ गाळलेले असतात, म्हणून मथळ्यावरून नाही, आतल्या मजकुरावरून शिका.

आता ही सहा वाक्यं आधी स्वतः करून पाहा, मग खाली बघा. तुमच्या अर्जावर काम सुरू आहे. सगळे त्याला हसून राहिले होते (पॅसिव्ह करा). नवा नियम आम्हाला समजावून सांगितला. तिला लुटून पर्स नेली. अर्ध्या तासापासून ऑटोची वाट पाहून राहिलो. पुलाचं काम अजून सुरू आहे, पण त्याचे पैसे देऊन झालेत.

उत्तरं: ‘युअर ॲप्लिकेशन इज बीइंग वर्क्ड ऑन.’ ‘ही वॉज बीइंग लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन.’ ‘द न्यू रूल वॉज एक्सप्लेन्ड टू अस.’ ‘शी वॉज रॉब्ड ऑफ हर पर्स.’ ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर ॲन ऑटो फॉर हाफ ॲन अवर.’ ‘द ब्रिज इज स्टिल बीइंग वर्क्ड ऑन, बट इट हॅज बीन पेड फॉर.’ शेवटच्या वाक्यात ‘बीइंग’ही आहे आणि ‘बीन’ही, ‘ऑन’ही आहे आणि ‘फॉर’ही. चारांपैकी एक जरी राहिलं असेल तर ते वाक्य ॲक्टिव्हमध्ये लिहा, ‘दे आर स्टिल वर्किंग ऑन द ब्रिज, बट दे हॅव पेड फॉर इट’, आणि तिथून पुन्हा बांधा.